हॅम्बुर्गला पाठवलेला ठराव

आमच्या हॉलमध्ये टीव्हीच्या वर बाबांचा एक फोटो आहे. हातात झाडू, किंचित वाकलेले, कॅमेऱ्याकडे बघून हसणारे बाबा. त्यांनी कधी काळी झाडू हातात धरला होता याचा जगातला एकमेव पुरावा म्हणजे हा फोटो. तो काढला त्या सकाळी वाडीवरच्या आवडीनं पंचायतीसमोरचं अंगण लख्ख झाडून ठेवलं होतं. फोटोग्राफर म्हणाला, झाडायला काहीतरी दिसायला हवं. मग आवडीनंच भरलेली पाटी पुन्हा अंगणात उपडी केली, बाबांनी चार पानं इकडची तिकडं केली, फोटो निघाला आणि आवडी परत झाडायला लागली. त्या वर्षी तालुक्यात स्वच्छतेचं पहिलं बक्षीस आमच्या गावाला मिळालं.

गाव लोधिवलीच्या पलीकडे, जुन्या हायवेपासून थोडं आत. बाबा, म्हणजे जनार्दन ठोंबरे, गावचे सरपंच. घरात बाबा, आई, मी ऋतिका आणि माझ्याहून दोन वर्षांनी लहान रुद्र. घर दोन मजली, स्लॅबचं, आणि संडास दोन, एक खाली, एक वर. दोन्ही साफ करायचं काम माझं. हे कधी ठरलं, कुणी ठरवलं, कुणालाच सांगता येणार नाही. आईची कंबर धरली तेव्हा मी नववीत होते. ब्रश चार दिवसांसाठी माझ्या हातात आला आणि तिथंच राहिला. रुद्र तेव्हा सातवीत होता आणि त्याला क्रिकेटचं कोचिंग होतं.

पुढे मी सिव्हिल इंजिनिअर झाले आणि रुद्र मेकॅनिकल. मी एका दमात, तो विश्रांती घेत घेत. मला सांडपाणी शुद्ध कसं करतात ते शिकायचं होतं, आणि जर्मनीत ड्रेस्डेन नावाच्या शहरातल्या विद्यापीठानं मला प्रवेश दिलाही. बाबांना सांगितलं तेव्हा ते कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "म्हणजे गटार?"

"सांडपाणी व्यवस्थापन, बाबा."

"जर्मनीला जाऊन गटार शिकायचं? इथं गटारं काय कमी हायत? आधी रुद्राचं मार्गी लागू दे, मंग तुझं बघू."

आमच्या घरातलं 'बघू' काय असतं ते सांगते. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला झाकण बसवायचं 'बघू' मी पाचवीत असताना झालं. टाकी अजून उघडी आहे.

तर रुद्रचं मार्गी लागलं. जमिनीचा एक तुकडा फार्महाउसवाल्याला गेला आणि गणपती विसर्जनानंतर रुद्र शिकायला जर्मनीत, हॅम्बुर्गला गेला. हायवेच्या वळणावर फ्लेक्स लागला. वर विमान, मागे कुठल्या तरी तिसऱ्याच देशातला पूल आणि खाली शुभेच्छुकांचे इतके चेहरे की त्यात रुद्रला शोधावं लागे. शाल-श्रीफळाचे एवढे सत्कार झाले की आई अजून त्या नारळांच्या वड्या करते आहे. त्याच आठवड्यात मला ड्रेस्डेनहून पुन्हा पत्र आलं. एप्रिलच्या सत्रासाठी जागा देतो, नाताळच्या आत हो किंवा नाही कळवा. आणि त्याच आठवड्यात खालापूरची आनंदीआत्या, बाबांची मोठी बहीण, माझ्यासाठी खोपोलीचं एक स्थळ घेऊन आली. मुलगा कारखान्यात परमनंट. बाबा दोन्हीकडे म्हणाले, बघू. पण स्थळाच्या 'बघू'ला चहा आणि बिस्किटं होती. माझ्या पत्राच्या 'बघू'ला काहीच नव्हतं, आणि त्यावरून मी काय ते ओळखलं.

रुद्रचा फोन रोज यायचा. बाबा रोज एकच विचारायचे, "सेट झालास का रं?" तो म्हणायचा, "हां बाबा, झालो." मग तासाभरानं मला वेगळा फोन. "ताई, भातात पाणी किती?"

ज्यानं आयुष्यात चहासुद्धा स्वतः ओतून घेतला नव्हता, तो आता एका फ्लॅटमध्ये तीन अनोळखी मुलामुलींबरोबर राहत होता. तांदूळ धुतात हे त्याला हॅम्बुर्गला कळलं. कुकरची शिट्टी वाजली तेव्हा त्याच्याबरोबर राहणारी लेना नावाची मुलगी सगळ्या खिडक्या उघडून जिन्यात जाऊन उभी राहिली म्हणे. कचऱ्याला चार रंगांचे डबे आणि चहाच्या पिशवीचा दोरा कुठल्या डब्यात यावर घरात चर्चा. रविवारी दुकानं बंद. रविवारी चिकन मिळत नाही अशा देशात माणूस शिकणार कसा, हा त्याचा मुख्य शैक्षणिक प्रश्न होता. त्याची एक युनिव्हर्सिटी हॅम्बुर्गला होती आणि दुसरी आमच्या ओट्याजवळ, आणि दुसरीत हजेरी जास्त होती.

मग फ्रिजवरच्या तक्त्याचं प्रकरण आलं. चौघांत कामं वाटलेली, दर आठवड्याला बदलायची. स्वयंपाकघर त्यानं पुसलं. कचरा नेला. तिसऱ्या आठवड्यात संडास आला. फोनवर आवाज एकदम खाली.

"ताई, हे नाय जमायचं."

"त्यात काय आहे? ब्रश घे, लिक्विड टाक, दहा मिनिटं थांब, घास."

"ते कळतं गं. पण मी कसं करू?"

त्यातला सगळा जोर 'मी'वर होता. मला फार राग आला. 'करू कसं' असं तो विचारतच नव्हता. मी फोन ठेवला आणि आमचा वरचा संडास इतका घासला की टाइलवरचं फूल निघून आलं.

दोन ऑक्टोबरला ग्रामसभा. बाबांना एक कल्पना सुचली. विषय स्वच्छता, तेव्हा गावच्या सुपुत्रानं थेट जर्मनीहून ग्रामस्थांना मार्गदर्शन करावं. शाळेतला प्रोजेक्टर आला, पडद्याला पंचायतीची चादर आली. फ्लेक्स छापणारा स्वप्नील लॅपटॉप आणि माइक घेऊन बसला. भाषण मी लिहून पाठवलं होतं. तालुक्याहून आलेले एक साहेब पहिल्या रांगेत, बायका मागे भिंतीला टेकून. त्यात आई, त्यात आवडी.

सभेत आधी एक ठराव झाला, 'प्रत्येक ग्रामस्थाने आपले शौचालय स्वतः स्वच्छ ठेवावे.' सगळ्यांनी हात वर केले. मग चादरीवर रुद्र आला. तिकडे नुकतं उजाडलेलं. वर इस्त्रीचा शर्ट, खाली काय होतं देव जाणे. "जर्मनीत स्वच्छता ही प्रत्येकाची वैयक्तिक जबाबदारी मानली जाते," तो वाचत होता आणि बाबा साहेबांकडे बघत मान डोलवत होते.

तेवढ्यात रुद्रच्या मागचं दार उघडलं आणि लेना आत आली. हातात पिवळे रबरी मोजे आणि संडासाचा ब्रश. त्याच्यासमोर टेबलावर तिनं ते ठेवले आणि सावकाश, स्पष्ट इंग्रजीत काहीतरी बोलली.

"काय म्हणते रं ती?" बाबांनी स्वप्नीलला विचारलं.

स्वप्नीलच्या हातातला माइक चालू होता. "ती म्हणते, संडास धुवायचा नंबर याचा हाय. आठवडा झाला, हा टाळतोय. आज धुतल्याबिगर भायेर जायचं नाय."

चादरीवरचा रुद्र एकदा ब्रशकडे, एकदा आमच्याकडे बघत होता. मागून एक हसू फुटलं. ते आवडीचं होतं.

मग जो तो बोलायला लागला. "फी भरली नसंल," कुणीतरी म्हणालं. "एजंटनं फसवलं, कॉलेजच्या नावाखाली कामाला लावला." पंचायतीतले विरोधी सदस्य हर्षद उभे राहून म्हणाले, "सरपंच, आपला पोरगा शिकायला गेलाय का सफाईला, याचा खुलासा व्हावा." साहेबांनी पाण्याची बाटली उघडली आणि प्यायलाच लागले. बाबांचा चेहरा मी आजवर असा पाहिला नव्हता. पूर्वी एकदा निवडणूक हरले होते तेव्हासुद्धा नाही.

सरपंचाची अब्रू जाते म्हणजे गावाची जाते, एवढं बाबांच्या गटातल्या रूपेशला तरी कळत होतं. त्यानं तिथल्या तिथं ठराव मांडला आणि ग्रामसेवकानं तो लिहूनही घेतला. 'आपल्या गावचे सुपुत्र चि. रुद्र जनार्दन ठोंबरे हे उच्च शिक्षणासाठी हॅम्बुर्ग मुक्कामी असता त्यांजकडून शौचालय साफसफाईचे काम करवून घेतले जात असल्याचे सभेच्या निदर्शनास आले. सदर बाब गावाच्या प्रतिष्ठेस बाधक असल्याने त्यांस सदर कामातून कायमस्वरूपी वगळण्यात यावे, असे तेथील विद्यापीठास कळवावे.' सूचक रूपेश, अनुमोदकांची तर रांगच लागली. जे हात अर्ध्या तासापूर्वी पहिल्या ठरावाला वर गेले होते तेच पुन्हा वर गेले. लोका सांगे ब्रह्मज्ञान हे मी शाळेत शिकले होते, इथं त्याचं इतिवृत्त तयार झालं.

इंग्रजी भाषांतर अर्थातच माझ्याकडे आलं. मी ते अगदी प्रामाणिकपणे केलं. 'बाधक'साठी शब्द शोधायला मला अर्धा तास लागला. गोल शिक्का, सरपंचांची सही, जावक क्रमांक, आणि ठराव ईमेलनं हॅम्बुर्गला रवाना.

उत्तर आठवड्याभरात आलं. जर्मन माणसं ईमेलला उत्तर देतात हे बाबांना खरं वाटेना. ते तीन वर्षं रस्त्याच्या डांबरीकरणासाठी पत्रं लिहीत होते. विद्यार्थी विभागातल्या कुणा बाईंनी लिहिलं होतं की एका लांबच्या गावाला आमच्या विद्यार्थ्यांच्या राहणीमानाबद्दल इतकी आस्था आहे हे वाचून आम्हाला आनंद झाला. मात्र इथे घर ज्याचं त्यानंच साफ करायची पद्धत आहे. मी स्वतःही दर शनिवारी माझ्या घरचा संडास साफ करते.

मी हे मराठीत वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, "बाईच हाय ना ती? करणारच."

प्रकरण तिथं मिटलं असतं, पण गाव मिटू देईल तर ना. हायवेच्या फ्लेक्सवर रुद्रच्या हातात कुणीतरी रात्रीतून कागदाचा ब्रश चिकटवला. बाबांनी फ्लेक्स उतरवला आणि तो आता आमच्या पेंढ्यावर झाकण म्हणून आहे. इकडे रुद्रचे फोन रडवेले व्हायला लागले. त्यानं लेनाला पैसे देऊ केले, माझ्या वाटचं तू कर म्हणून. ती इतकी चिडली की घरात सगळ्यांनी मिळून त्याला सांगितलं, जमत नसेल तर दुसरी खोली बघ. रविवारी तो बाबांना म्हणाला, "मी परत येतो. इथं नाय ऱ्हायचं मला."

इतके सत्कार घेऊन गेलेला मुलगा संडासापायी परत येणार म्हटल्यावर बाबा जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी आनंदीआत्याला बोलावणं गेलं. आमच्या घरात मोठं काही ठरवायचं असलं की आत्या लागते. ती खालापूरहून रिक्षा करून आली, सोफ्यावर मांडी घालून बसली. मी चहा आणला.

"पोराला तिकडं करायला कोण हाय?" आत्यानं विचारलं.

"कोणच नाय. तोच तर वांधा हाय."

"कुंदाला पाठव."

कुंदा म्हणजे माझी आई. ती दारात उभी होती. बाबा म्हणाले, "ती गेली तर इथं कोण करंल?" हा मुद्दा सगळ्यांना एकदम पटला. आईला कुणी विचारलं नव्हतं.

आत्यानं बशीतला चहा संपवला, बशी माझ्या हातात दिली आणि माझ्याकडे बघत राहिली. "मंग हिला पाठव की. हिला पण बोलावलंय ना जर्मनीला? भावाचं जेवणखाण बघंल, ते... ते पण बघंल. आणि रिकाम्या वेळात शिकंल."

रिकाम्या वेळात. दोन वर्षांची मास्टर्स.

"आणि तिचं लगीन?"

"अरं जना, जर्मनी करून आलेली पोरगी म्हटल्यावर खोपोली सोड, पनवेलवरनं स्थळं येतील."

मी रिकामी बशी धरून उभी होते. मला एकाच वेळी राग आला आणि आनंदही झाला, आणि मी बशी टेबलावर ठेवली. माझ्या मार्कांनी जे झालं नाही, पत्रांनी झालं नाही, ते भावाच्या नाजूक हातांनी झालं होतं. मी काय करायचं होतं, बाणेदारपणे नाही म्हणायचं होतं? तो बाणेदारपणा खोपोलीच्या चाळीतल्या ओट्यावर मला जन्मभर पुरला असता.

बाबांनी फक्त एक विचारलं. "तुझं कॉलेज त्याच्या खोलीपासनं लांब हाय का गं?"

"थेट ट्रेन आहे बाबा. मध्ये बदलावी लागत नाही."

"मंग कर्जत-खोपोलीसारखंच झालं," बाबा म्हणाले आणि त्यांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. मी नाही म्हटलं नाही. ट्रेन खरंच थेट आहे.

त्याच संध्याकाळी मी ड्रेस्डेनला 'हो' कळवलं आणि रुद्रला फोन केला. तो आनंदानं ओरडलाच. "ताई, तू येनार? सुटलो गं मी!"

"मी ड्रेस्डेनला येणार, रुद्र. नकाशा बघ."

तो बराच वेळ बघत होता. "चार-साडेचार तास? मंग माझं काय?"

"ब्रश घे, लिक्विड टाक, दहा मिनिटं थांब, घास."

त्यानं रागानं फोन ठेवला. पुढचं मला नंतर कळलं. बहीण येतेय, ती माझ्या वाटचं करेल, असं त्यानं आधीच लेनाला मोठ्या अभिमानानं सांगून टाकलं होतं. लेनानं खुर्ची आणली, संडासाच्या दारासमोर मांडली आणि पुस्तक उघडून बसली. त्या दिवशी रुद्रनं आयुष्यातला पहिला संडास घासला. "ओकारी आली," त्यानं मला फोनवर सांगितलं. पुढच्या महिन्यात पुन्हा नंबर आला तेव्हा म्हणाला, "या टायमाला नाय आली." त्याच्या आवाजात थोडी ऐट होती, क्रिकेटमध्ये पन्नास केल्यावर असायची तशी.

ती ऐट ऐकून मी घाबरले. कारण आता मोठाच घोळ झाला होता. रुद्र संडास घासायला शिकला हे बाबांना कळलं असतं तर मला पाठवायचं कारणच उरलं नसतं. व्हिसा यायचा होता, तिकीट व्हायचं होतं. खोपोलीवाले अजून नाही म्हणाले नव्हते.

"रुद्र," मी म्हटलं, "घरी सांगू नकोस. माझं जाणं रद्द होईल."

मला वाटलं, आता हा काय म्हणतो. तो म्हणाला, "मी सांगतो बरोबर."

आणि त्यानं सांगितलं. तेव्हापासून दर रविवारी तो बाबांसमोर रडगाणं गायचा. बाबा, घाण हाय सगळी. बाबा, जमत नाय. बाबा, ताईला लवकर पाठवा. एकदा तर डोळ्यांत पाणी आणलंन. नंतर म्हणाला, कांदा कापत होतो, तो वाया कशाला घालवू. माझ्या भावानं माझ्यासाठी आयुष्यात एवढं मोठं काही केलं नव्हतं, आणि ते त्यानं फार सुंदर केलं. बाबा दिवसातून दोनदा विचारायला लागले, "व्हिसाचं काय झालं गं?"

मार्चमध्ये मी निघाले. फ्लेक्स लागला नाही. कामाला जाणाऱ्या पोरीचा कसला फ्लेक्स? आदल्या दिवशी आई बॅगेत मसाल्याच्या पुड्या रचत होती. हात न थांबवता म्हणाली, "मी स्वप्नीलकडनं मोबाइलात बघून घेतलं. चार-साडेचार तास लागतात."

मी आधी दार लोटलं.

"तुझ्या बाबांना नकाशातलं काय कळत नाय," आई म्हणाली. "तू जा. इथलं मी बघीन."

आमच्या घरात 'बघू' म्हणतात, 'बघीन' मी पहिल्यांदा ऐकत होते. मी तिच्या गळ्यात पडून रडले. मला तो आशीर्वाद वाटला.

ड्रेस्डेनला आम्ही चौघं एका फ्लॅटमध्ये. इथंही फ्रिजवर तक्ता. पहिल्या आठवड्यात संडास माझ्याकडे आला आणि मी तो असा केला की घरातली मुलं बघायला आली. जुना सराव. दुसऱ्या आठवड्यात माझ्याकडे स्वयंपाकघर होतं. शनिवारी लायब्ररीतून परत आले, संडासाचं दार उघडलं, आणि आत सगळं स्वच्छ होतं. लिंबाचा वास. शेजारच्या खोलीतला दाढीवाला मुलगा मोजे वाळत घालत होता.

मी आत गेले, कडी लावली आणि ढसाढसा रडले. नववीपासून आजपर्यंत मी जो संडास वापरला तो एक तर मी साफ केलेला असायचा, नाही तर मी साफ करायचा बाकी असायचा. दुसऱ्या कुणी तो माझ्यासाठी करून ठेवला आणि त्यात काही विशेष नव्हतं, हे मला सहन होईना. 'सेट झालास का' असं बाबा दोन महिने रुद्रला विचारत होते, सेट होणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

घरी व्हिडिओ कॉल केला. आईनं उचलला, हॉलमध्येच होती, मागे बाबांचा झाडूवाला फोटो दिसत होता. मी तिला सगळं सांगितलं. ती हसली. "नीट केलान का पण? कोपऱ्यातनी?"

"केलान." मग इतक्या दिवसांत मला सुचलं नव्हतं ते मी विचारलं. "आई, मी आल्यापासून घरचे कोण करतं?"

"कोण करनार? मीच करते. बसून करते हल्ली, वाकवत नाय ना."

तेव्हा मला तिचं 'इथलं मी बघीन' कळलं.

एक मेच्या ग्रामसभेला बाबांना पुन्हा जर्मनी हवी होती. रुद्र नको, त्याच्या घरात पोरी ब्रश घेऊन फिरतात. ऋतिका चालेल, ती गटाराचंच शिकते, विषयाला धरून होईल. मी लगेच हो म्हटलं. प्रोजेक्टर लागला, पंचायतीची चादर लागली. मला समोर बाबा दिसत होते, हर्षद, रूपेश, माइकवाला स्वप्नील. मागे भिंतीला टेकून बायका. मी पाच मिनिटं शोषखड्ड्यांवर बोलले. बाबा मान डोलवत होते.

"शेवटी," मी म्हटलं, "मला एक ठराव मांडायचा आहे. सरपंचांच्या घरचे दोन संडास घरातल्या माणसांनी आठवडा-आठवडा वाटून साफ करावेत. घरात सध्या दोन माणसं आहेत. सूचक, ऋतिका जनार्दन ठोंबरे."

कुणीतरी खुर्ची सरकवली. बाबा चादरीकडे बघतच राहिले, मघाचं हसू तसंच चेहऱ्यावर ठेवून. हर्षदसुद्धा काही बोलले नाहीत, त्यांच्याही घरी संडास होता. ग्रामसेवक उठून म्हणाले, "विषयपत्रिकेवर नाही. आणि अनुमोदक लागतो."

सगळी सभा माना वळवून एकमेकांकडे बघत होती. मग मागे भिंतीपाशी हालचाल झाली. आवडीनं कुणाला तरी हात देऊन उठवलं. कमरेवर हात ठेवून आई उभी राहिली. ग्रामसभेत ती आजवर फक्त सहीला आली होती.

"अनुमोदक," आई म्हणाली, "कुंदा जनार्दन ठोंबरे."

तेवढ्यात चादर काळी झाली. स्वप्नील नंतर म्हणाला, नेटवर्क गेलं. त्या भागात नेटवर्क जातं खरं, पण वायर ओढल्यासारखं नाही जात.

मी इकडे खोलीत येरझारा घालत राहिले. संध्याकाळी आईचा फोन आला. ती हळू बोलत होती.

"इतिवृत्तात नाय घेतलं," ती म्हणाली. "ग्रामसेवक म्हणाला, घरगुती बाब हाय."

"आणि बाबा? फार चिडले?"

"बोललेच नाय. जेवले, हात धुतले, मंग बराच वेळ टीव्हीसमोर बसून होते." आईनं आवाज आणखी खाली आणला. "मंग मला विचारलं, ब्रश कुठं असतो आपल्यात?"

"मग?"

"मंग काय, सांगितलं मी. दोन्ही दाखवले, खालचा पण आणि वरचा पण."